कराची बंदर जाग्यावर आहे, मग ती बातमी कोणासाठी होती?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत युद्धातल्या प्रचारावर तुम्ही जो लेख छापलात तो वाचला. आधी घरी वाचला, मग दुकानात येऊन परत वाचला, कारण पहिल्यांदा वाटलं आपलंच काहीतरी समजायला चुकतंय. लेखकाचं म्हणणं असं की आता लढाया जमिनीपेक्षा मोबाइलवर जास्त होतात (बरोबर), शेजारी त्यात आपल्यापेक्षा तयार आहेत (असतील), म्हणून आपल्याकडेही प्रचार दणकून व्हायला पाहिजे, चॅनेलवाल्यांनी थोडं तिखटमीठ लावलं तर लोकांनी समजून घ्यावं, आणि लढाई चालू असताना 'हे खरं का हो' असं विचारत बसणं म्हणजे जवानांचं खच्चीकरण. हे शेवटचं वाचून मात्र राहवलं नाही, म्हणून हे पत्र. लांबलंय, कापायचं तर कापा, पण मधलं बोरीच्या पुलाचं तेवढं ठेवा.

मी लष्करातला नाही की प्रोफेसर नाही. फोंड्यात तीसेक वर्षं रेडिओ-टीव्ही रिपेअरीचं दुकान चालवलं, आता त्याच दुकानात मुलगा मोबाइल दुरुस्त करतो आणि मी कोपऱ्यात बसून जुने व्हॉल्व्हचे रेडिओ उघडून बघत असतो. आवाज कुठून सुटलाय आणि कुणाच्या कानासाठी सुटलाय हे बघायची सवय तेवढी आहे.

आता ८ मे २०२५ च्या रात्रीचं सांगतो. पहलगामला २२ एप्रिलला २६ माणसं मारली गेली, ७ मेच्या पहाटे ऑपरेशन सिंदूर झालं, त्याच दिवशी आपल्या गोव्यात मॉक ड्रिल पण झालं, त्यामुळे सगळेच जरा ताणात होते. जेवणं झाली आणि टीव्ही लावला तर एका चॅनेलवर आपल्या नौदलाने कराची बंदर उडवलेलं, दुसऱ्यावर आपली फौज इस्लामाबादेत, तिसऱ्यावर त्यांचा लष्करप्रमुख अटकेत, आणि ह्या सगळ्याच्या मागे सतत सायरन. खराखुरा हवाई हल्ल्याचा सायरन, स्टुडिओत वाजवलेला. आमची काकी ८४ वर्षांची, ऐकू कमी येतं पण सायरन बरोबर ऐकू आला. ती उठली, एकेक करत सगळ्या खिडक्या लावून घेतल्या, देवापुढची समई शांत केली आणि काळोखात पाटावर जाऊन बसली. मी गेलो तर म्हणते, "कितें रे, परत सुरू जालें?" तिला हा टीव्हीचा आवाज आहे हे पटवायला मला टीव्ही बंद करून दाखवावा लागला, तरी समई तिने सकाळपर्यंत लावली नाहीच. दोन दिवसांनी सरकारनेच चॅनेलांना सांगितलं की कार्यक्रमात सायरन वाजवू नका, लोकांना खरा सायरन ओळखू येणार नाही. बरं झालं सांगितलं, पण तोपर्यंत किती घरांतल्या किती काक्या काळोखात बसल्या कोण मोजणार.

त्याच रात्री आमच्या फॅमिली ग्रुपवर व्हिडिओ आला, विमान कोसळतंय आणि रस्त्यावर आगीचा लोळ, खाली लिहिलेलं 'कराची, आत्ता'. मुंबईच्या भाच्याने टाकलेला, त्याला पुण्याहून आलेला, पुण्याला कुठून आला देव जाणे. सगळ्यांनी तिरंगे टाकले, मी पण टाकला, खोटं कशाला सांगू. माझ्या मुलाने दोनदा बघितला आणि म्हणाला, "बाबा, कराचीत गाड्या आपल्यासारख्याच डाव्या बाजूने चालतात, ह्या उजव्या बाजूने चालल्यात." मग शोधलं तर तो अमेरिकेतल्या फिलाडेल्फियाचा निघाला, जानेवारीअखेरीस तिथे एक छोटं रुग्णवाहिका विमान पडलं होतं त्याचा. दुसरा एक आला रॉकेटं सुटतानाचा, तो तर मुलं खेळतात त्या व्हिडिओ गेममधला. ह्यात अजून एक गंमत, कराचीच्या पोर्ट ट्रस्टच्या एक्सवरच्या अकाउंटवरून स्वतःच 'मोठं नुकसान झालंय' असं पडलं आणि थोड्या वेळाने ते म्हणाले की आमचं अकाउंट हॅक झालं होतं. म्हणजे बघा, बंदर स्वतः सांगतंय मी मेलो, तरी ते खोटं.

आणि संपादकसाहेब, ९ तारखेला सकाळी तुमचा पेपर आला त्यावर पण आठ कॉलमी कराची बंदर बेचिराख. मी ते कात्रण ठेवलंय.

तेव्हापासून माझा एकच प्रश्न आहे. कराची बंदर जळलं की नाही हे कोणाला ठाऊक नव्हतं? पाकिस्तानच्या लष्कराला ठाऊक होतं, ते तिथेच उभे. आपल्या नौदलाला ठाऊक होतं, हल्ला केला की नाही हे त्यांना नाही कळणार तर कोणाला. उपग्रहावाल्या सगळ्या देशांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते फक्त फोंड्याच्या मला आणि मुंबईच्या भाच्याला. म्हणजे ती बातमी शत्रूला फसवायला नव्हतीच मुळी, ती आपल्यालाच होती.

लहानपणी आपण सगळ्यांनी ऐकलंय, शाहिस्तेखानाची बोटं तोडून महाराज निघाले तेव्हा कात्रजच्या घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून सोडले आणि मोगलांची फौज त्या उजेडाच्या मागे धावली. ह्याला म्हणतात युद्धातली फसवणूक, मला ती पूर्ण मान्य आहे, गनिमाला गंडवायचं नाही तर काय आरती करायची. १९४३ मध्ये इंग्रजांनी एका प्रेताला अधिकाऱ्याचा गणवेश घालून खोटी कागदपत्रं देऊन स्पेनच्या किनाऱ्याला सोडलं, जर्मन समजले हल्ला ग्रीसच्या बाजूला होणार आणि दोस्तांची फौज उतरली सिसिलीत. झकास. पण मे महिन्यात आपल्याकडे काय झालं, तर पलिते बांधलेले बैल घाटात सोडायच्या ऐवजी आपल्याच अंगणात सोडले आणि आपणच त्यांच्यामागे धावलो.

लेखक म्हणतात हे नवीन युग आहे. कसलं नवीन. गोव्यातल्या माणसाने तरी हे म्हणू नये, आपल्याकडे तर हे सगळं होऊन गेलेलं आहे.

माझे वडील बोरीचे, १९६१ साली बावीस वर्षांचे. पोर्तुगिजांच्या काळात पेपर छापायच्या आधी सेन्सॉरकडे जायचा, लग्नाच्या पत्रिका सुद्धा दाखवाव्या लागायच्या म्हणतात. १९५१ मध्ये पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार ह्याने घटनाच बदलली आणि वसाहत हा शब्द काढून 'सागरापारचा प्रांत' असा शब्द घातला, म्हणजे एका रात्रीत आम्ही गुलाम नसून पोर्तुगालचा एक प्रांत झालो, भात तेच, शिपाई तेच. रेडिओ होता एमिसोरा दे गोवा. आणि त्याच्या समोर दुसरा एक आवाज होता, गोवा मुक्तीसाठी झटणाऱ्या लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई ह्यांच्या चोरट्या रेडिओचा, नोव्हेंबर १९५५ पासून हद्दीपलीकडच्या जंगलातून, आधी आंबोलीकडून आणि मग कॅसलरॉकहून, पोर्तुगीजमध्ये आणि कोंकणीत. सहा वर्षं रानात राहून चालवलं त्यांनी. लिबियाबाईंना २०२५ साली वयाच्या शंभरीला पद्मश्री मिळाली, तेव्हा तुमच्या पेपरात छान लेख आला होता, ते पण नमूद करतो.

वडील सांगायचे, आवाज बारीक करून, रेडिओवर पोतं टाकून ते स्टेशन ऐकायचे, अर्धं खरखरीत जायचं. का ऐकायचे, तर एमिसोरावर जे येत नसे ते तिथे कळायचं आणि दोन-चार दिवसांत कुणी बाजारातून येऊन तेच सांगायचं. म्हणजे पडताळा लागायचा. प्रचार तोही होताच की, ते कोण नाकारतंय, पण खऱ्याचा प्रचार होता.

१८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी आपल्या विमानांनी बांबोळीच्या वायरलेस स्टेशनवर हल्ला केला. आमच्या घरी वडील म्हणत, सकाळी डायल फिरवली तर एमिसोराच्या जागी काहीच नाही, नुसती हवा. आजोबा म्हणाले, "गेले." तेवढंच. इतक्या वर्षांत त्या रेडिओने दिलेली पहिली खरी बातमी ती होती, गप्प बसून दिलेली. नंतर जाता जाता पोर्तुगिजांनी बोरीचा पूल उडवला, त्या दणक्याने आमच्या चुलीवरची नळी खाली पडली असं काकी अजून सांगते (ती तेव्हा नुकतीच लग्न होऊन आलेली), आणि आपले जवान होडक्या-बार्जींतून पलीकडे गेले. १९ तारखेला रात्री वास्कोत गव्हर्नर जनरल वासालो इ सिल्वाने शरणपत्रावर सही केली, झालं. मग लिबियाबाई आणि वामनबाब हवाई दलाच्या विमानात बसून वरून लाउडस्पीकरवर सांगत फिरले की गोवा मुक्त झाला, पत्रकं पण टाकली.

आता लिस्बनमध्ये काय चाललं होतं ते बघा. १४ डिसेंबरला सालाझारने ह्याच गव्हर्नरला तार केली होती की तह नाही, कैदी नाहीत, आपले सैनिक एकतर विजयी तरी होतील किंवा मरतील. निदान आठ दिवस लढवा म्हणाला, म्हणजे तोवर जगभर बोंब मारता येईल. इथे फौज साडेतीन हजारांच्या आतबाहेर, धड विमानं नाहीत, समुद्रात एक जुनी युद्धनौका. वासालोने माणसं मरू दिली नाहीत, दोन दिवसांत संपवलं, दोन्ही बाजू मिळून पन्नासेक मेले असतील. आणि लिस्बनच्या लोकांना पेपरात वाचायला मिळत होतं काय, तर शूर प्रतिकार. फोंड्यातल्या भाजीवाल्याला माहीत होतं की पोर्तुगीज शिपाई इथल्याच कॅम्पात कैदी होऊन बसलेत (फोंड्यात पण कॅम्प होता त्यांचा, मे १९६२ पर्यंत ते गोव्यातच होते), पण त्या शिपायांच्या आयांना लिस्बनमध्ये सांगितलं जात होतं ते वेगळंच. ३ जानेवारी १९६२ ला सालाझार संसदेत बोलायला उभा राहिला तर त्याचा घसाच बसला, भाषण दुसऱ्याने वाचून दाखवलं. आणि ज्या गव्हर्नरने खरी परिस्थिती ओळखून माणसं वाचवली त्याला १९६३ मध्ये सैन्यातून काढून टाकलं. पोर्तुगालने गोवा गेला हे कागदावर मान्य केलं १९७४ च्या ३१ डिसेंबरला. तेरा वर्षं. आपण इथे निवडणुका घेतल्या, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, महाराष्ट्रात जायचं की नाही ह्याचा जनमत कौल झाला, आणि तिकडे कागदोपत्री आपण अजून त्यांचे.

खोटं असं घरच्यांसाठीच शिजवलेलं असतं. आणि हे फक्त पोर्तुगिजांचं नाही हां, त्या डिसेंबरात आपल्याकडच्या पेपरांत पण पोर्तुगीज तयारीच्या बातम्या फुगवून येत होत्या, इथे येऊन गेलेल्या परदेशी पत्रकारांना तशी काही मोठी तयारी दिसली नव्हती. मुक्ती मला प्यारीच आहे, पण म्हणून ते झाकायचं कारण नाही.

अजून एक आपल्याच बंदरातलं. दुसऱ्या महायुद्धात मुरगावला १९३९ पासून तीन जर्मन आणि नंतर एक इटालियन अशी जहाजं आसरा घेऊन होती, पोर्तुगाल तटस्थ ना. मार्च १९४३ मध्ये एका रात्री एहरेनफेल्स नावाचं जहाज पेटलं आणि बुडालं, बाकीच्यांनी घाबरून आपापली जहाजं स्वतःच बुडवली. करणारे कोण, तर कलकत्त्याहून आलेले कलकत्ता लाइट हॉर्स नावाच्या राखीव पलटणीतले पोट सुटलेले इंग्रज साहेब, कोणी चहाच्या कंपनीतले कोणी बँकेतले, एक गाळ काढायची बार्ज घेऊन आलेले. हे जगाला कळलं १९७८ मध्ये. पस्तीस वर्षं ब्रिटिश सरकार गप्प. ह्यात मला विशेष हे वाटतं की त्यांनी त्या रात्रीबद्दल खोटा विजय साजरा केला नाही, नुसतं तोंड बंद ठेवलं. तोंड बंद ठेवणं आणि खोटं बोलणं ह्यात फरक आहे, आणि सरकारला लढाईत पहिल्याचा हक्क आहे असं मी तरी मानतो.

म्हणूनच ११ मेला आपल्या एअर मार्शल भारतींना पत्रकारांनी विमानं पडली का असं विचारलं आणि ते म्हणाले की आपण लढाईत आहोत, नुकसान हा लढाईचा भाग असतो, तेव्हा आमच्या ग्रुपवर लोक चिडले पण मला ते आवडलं. नरो वा कुंजरो वा झालं थोडं, पण नाही पडली असं तरी म्हणाले नाहीत. मग ३१ मेला सिंगापूरला तेव्हाचे संरक्षण दलप्रमुख जनरल चौहानांनी विमानं गमावल्याचं मान्य केलं, आकडा दिला नाही. आता मला सांगा, ह्याने कोणाचं मनोधैर्य खचलं? माझं नाही. मात्र मधल्या तीन आठवड्यांत जो कोणी हाच प्रश्न विचारेल तो देशद्रोही ठरत होता, आणि ९ मेला द वायरची अख्खी वेबसाइट बंद केली होती, कारण ह्याच विमानांबद्दलची सीएनएनच्या हवाल्याची बातमी. ती काढल्यावर वेबसाइट चालू झाली. एक्सवर सरकारने आठ हजारांवर अकाउंट बंद करायला सांगितली. त्यात बरीच तिकडची असतील, काढायलाच पाहिजेत. पण इस्लामाबाद घेतलेल्या चॅनेलांपैकी एक तरी मिनिटभर बंद झालेलं कोणी बघितलं का?

पीआयबीच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाच्या, फॅक्ट चेकवाल्यांचं कौतुकही करतो, सीमेपलीकडून आलेल्या थापा ते भराभर उघड्या पाडत होते. त्यातली एक थाप अशी की त्यांच्या सायबर हल्ल्याने भारताची ७० टक्के वीज बंद पडली. ही आमच्या ग्रुपवर आली तेव्हा भाऊजी पंख्याखाली बसून ती मोठ्याने वाचत होते. पण नशीब असं की त्याच संध्याकाळी आमच्या वाड्यावरची वीज गेली. झालं, शेजारणीने मेणबत्त्या मोजल्या, कोणीतरी बाइकवरून पेट्रोल भरायला पळाला, एकाने तर एटीएममधून पैसे काढायला पोराला पिटाळलं. पाऊण तासाने लाइनमन आला, वळवाच्या वाऱ्याने फणसाची फांदी तारेवर आली होती. त्याला खाली उभं राहून चार जण विचारतात, "नक्की फणसच ना?" ह्याला म्हणायचं मनावरचा हल्ला. सत्तर टक्के कोणी मानलं नव्हतं, पण काहीच न मानण्याची सवय एका आठवड्यात लागली, फणस समोर पडलेला असून.

आणि हे तिकडच्या थापेने जेवढं केलं तेवढंच आपल्या चॅनेलांनी केलं. सरकारची थाप सरकारनेच तपासायची ही भानगड तर आपल्या मुंबई हायकोर्टाने सप्टेंबर २०२४ मध्ये मोडीत काढलीच आहे, सरकारबद्दलची बातमी खरी की खोटी हे सरकारच्या युनिटने ठरवायचा नियम घटनाबाह्य म्हणून.

लेखक म्हणतात आपला प्रचार कमी पडतो. १९७१ चं बघा ना. माणेकशॉंनी ढाक्यातल्या पाकिस्तानी सैन्याला रेडिओवरून सांगितलं, पत्रकं टाकली, की तुम्ही वेढले गेलात, समुद्राकडची वाट बंद आहे, शस्त्रं खाली ठेवलीत तर जिनिव्हा कराराप्रमाणे वागवू. त्यातलं प्रत्येक वाक्य खरं होतं, बाहेर डोकावून बघितलं तरी दिसत होतं. म्हणून तर लागू पडलं. ९३ हजार कैदी झाले आणि त्यांना खरंच तसंच वागवलं. त्या पत्रकात इस्लामाबाद पडलं असं लिहिलं असतं तर त्यांनी पुढचं वाचलं तरी असतं का?

आता तुमच्याबद्दल. ९ मेची तुमची हेडलाइन मी वर सांगितली. त्यानंतर पाचव्या दिवशी सातव्या पानावर, भाड्याने देणे आहे आणि हरवले आहे ह्यांच्या मध्ये, तीन ओळी आल्या, 'काही वाहिन्यांनी दिलेल्या वृत्तास दुजोरा मिळू शकलेला नाही.' मी शोधत होतो म्हणून सापडल्या. त्या ओळींत 'आम्ही छापलं' हा शब्द नाही, वाहिन्यांवर ढकललंय. साहेब, मी एखाद्याचा रेडिओ बिघडवला तर गिऱ्हाइकाला मी सांगतो की माझ्याने बिघडला, कंपनीचा फॉल्ट म्हणून ढकलत नाही, निदान ओळखीच्या माणसाला तरी नाही. तुम्ही तर चाळीस वर्षं ओळखीचे.

म्हणून मागणी एकच, परवा १९ डिसेंबरच्या मुक्तिदिनाच्या अंकात पहिल्या पानावर, आठ कॉलम नको, दोन कॉलम चालतील, लिहा की आम्ही ९ मेला चुकीचं छापलं होतं. कात्रण हवं असेल तर माझ्याकडे आहे, पाठवतो.

आपला नेहमीचा वाचक,
(नाव छापू नये)
फोंडा, गोवा

ता.क. पत्र लिहिताना काकी बाजूला होती. कोणाला लिहितोस विचारलं, सांगितलं. मग म्हणाली कराची अजून आहे का? आहे म्हटलं. "मागीर तशें पेपरांत छापूंक सांग."